दोन सूप, एक कलेजी

१

शनिवारी दुपारी साडेबाराला रेफिक दाराशी उभा राहून किल्ल्या खुळखुळवायचा. तेवढ्यात नेझाहत डोक्याला रुमाल बांधून, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून बाहेर यायची. मग दोघं जिना उतरून, ट्रामचे रूळ ओलांडून हमदी उस्ताच्या खानावळीत जेवायला जायची. रेफिक पुढे, ती अर्धं पाऊल मागे, त्याच्या डाव्या हाताला. एकतीस वर्षं हा क्रम चुकला नाही. जर्मनीतल्या या डुइसबुर्गची कोळशाची खाण बंद पडली, रेफिक पोलादाच्या कारखान्यात लागला, तिथूनही निवृत्त झाला, मुलगी लग्न होऊन दक्षिणेला गेली. शनिवार मात्र शनिवारच राहिला.

खिडकीजवळचं दुसरं टेबल त्यांचं. भिंतीकडची खुर्ची रेफिकची, कारण तिथून दार दिसतं.

“काय देऊ, दादा?” इल्यास वाढपी विचारायचा. विचारायची गरज नव्हती.

“दोन सूप, एक कलेजी.”

सूप वजडीचं, वर लसणाचं व्हिनेगर. कलेजी दोघांत एक. नेझाहतला वजडीचा वास कधीच सोसला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा तसं सांगून बघितलं होतं. “दोन चमचे घे, सवय होईल,” रेफिक म्हणाला, आणि सवय झाली. तिचं लक्ष असायचं काचेच्या कपाटापलीकडे, मक्याच्या पिठात घोळवून ठेवलेल्या हमसीवर. हे बोटाएवढे समुद्राचे मासे तिकडे तुर्कस्तानात, झोंगुल्दाकला असताना तिचा बाप थंडीत धक्क्यावरून टोपलीने आणायचा. पण रेफिकच्या मते मासे खायचे ते घरी. चार लोकांत काटे काढत बसायचं नाही.

जेवणावर एकेक चहा. रेफिक आपला पेला संपवायचा आणि चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा, म्हणजे आता पुरे. मग हात लांबवून तिचाही चमचा उचलायचा आणि तिच्या पेल्यावर आडवा ठेवायचा. तिच्या पेल्यात कधी निम्मा चहा उरलेला असायचा. लांबून ते दोन आडवे चमचे बघून इल्यास जेवणानंतर हातांना चोळायच्या लिंबाच्या कोलनची बाटली घेऊन यायचा. आधी तिच्या ओंजळीत ओतायचा, मग रेफिकच्या. रेफिक तळहात एकमेकांवर घासायचा. खाणीतले हात ते. सुताराने फळीवर कानस फिरवावी तसा आवाज व्हायचा.

त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. कुणी विचारलं असतं तर माझा नवरा चांगला माणूस आहे, असंच तिने सांगितलं असतं. ते खरंही होतं.

जानेवारीत एका सकाळी मोजे घालता घालता तो गेला. एकच घालून झाला होता.

२

मातीत जायचं ते गावाकडच्याच, हे रेफिकने फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. नेझाहतच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, म्हणून पेटीबरोबर विमानाने मुलगी आणि जावई जाणार होते. विमानतळाच्या वाटेवर मशिदीची शववाहिका पाच मिनिटं घरासमोर थांबली. सगळी गल्ली जमली. इमामांनी रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, या माणसाकडे तुमचं काही राहिलं असेल तर माफ करता का? केलं, केलं, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या वेळी नेझाहतही म्हणाली.

मग गाडी सुरू झाली.

त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की हातात निळा जग होता, तो हलका होत गेला, आणि फरशीवर पाणी पसरत गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचलं.

दर ऑगस्टला रेफिक हेझलनटच्या तोडणीला एकटाच गाडी घेऊन गावी जायचा. तीन दिवसांचा रस्ता. ती फुटपाथवर उभी राहून त्याच निळ्या जगातून गाडीच्या मागे पाणी ओतायची. म्हणजे पाणी जसं अडल्याशिवाय वाहतं तसा माणूस सुखरूप जातो, आणि तसाच वाहत परत येतो. पहिल्या पेट्रोल पंपावरून त्याचा फोन यायचा. “पाणी ओतलंस ना?” बाकी काही नाही. हो म्हटलं की फोन बंद.

“अगं, काय केलंस हे!” शाझियेने तिचं मनगट धरलं. शाझिये रेफिकची थोरली बहीण, सत्तरीची, पण पकड अजून घट्ट. “मयताच्या मागे कुणी पाणी ओततं का?”

“हात गेला, वन्सं.”

“हात गेला म्हणे!”

शेजारणी दुसरीकडे बघू लागल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली. वळताना ड्रायव्हरने क्षणभर ब्रेक दाबला, मागचे लाल दिवे लागले आणि विझले. ट्रामसाठी दाबला असेल.

संध्याकाळपर्यंत त्या पाण्याचा बर्फ झाला. घरापासून कोपऱ्याच्या दिशेने गेलेला एक पातळ, चकचकीत पट्टा. दिव्याखाली तो उलटाही वाचता येत होता, कोपऱ्यापासून घरापर्यंत. नेझाहतने पडदा ओढून घेतला.

३

तीन शनिवार ती घरीच बसली. चौथ्या शनिवारी साडेबाराला तिने डोक्याला रुमाल बांधला, गॅस दोनदा बघितला आणि निघाली. जिना उतरताना मनाशी घोकत होती: एक हमसी, सूप नको. एक हमसी, सूप नको. आपण एकटीने, आपल्या तोंडाने, खानावळीत काही मागवण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ, हे तिला तिसऱ्या मजल्यावर उमगलं. कठडा धरून ती थोडी थांबली. गुडघा दुखत होता म्हणूनही असेल.

“या, या, वहिनी!” इल्यासने खुर्ची ओढून दिली. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेला विश्रांती नसलेला माणूस. “परवा एक जण इथे बसायला बघत होता. म्हटलं, ऊठ बाबा, ही जागा दादाची आहे, तो वरून बघतोय...” पुढचं त्याने गिळलं. “काय देऊ?”

“एक हमसी. सूप नको.”

“हमसी?” त्याने भुवया उडवल्या. “दादा ऐकतोय हं.”

“ऐकू दे,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच धिटाईने लाजली.

खानावळीत शनिवारची गर्दी होती. चमच्यांचा किणकिणाट, ट्रामचा घरंगळता आवाज, काचेवर साचलेली वाफ. ती हात मांडीवर ठेवून बसली. चेहऱ्यावर नकळत हसू आलं होतं.

इल्यास आला. वजडीच्या सूपचे दोन वाडगे, मधे कलेजीची बशी. एक वाडगा तिच्यासमोर, दुसरा भिंतीकडच्या खुर्चीसमोर.

“इल्यास, मी हमसी सांगितली होती.”

“हो की.” तो गोंधळला. एप्रनच्या खिशातून वही काढली. दोन सूप, एक कलेजी. अक्षर त्याचंच होतं. “तुम्ही हमसी म्हणालात, ते आठवतंय मला. मग तुम्ही बदललंत ना?”

“नाही.”

“मग कुणी बदललं?” त्याने आपल्याच कपाळावर हात मारला. “वळण पडलंय हो हाताला. बायको म्हणतेच, याच्या डोक्यात भुसा भरलाय. द्या, बदलून आणतो.”

“राहू दे,” नेझाहत म्हणाली. हात कसा आपोआप जातो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने सूप प्यायलं. समोरच्या वाडग्यातून वाफ निघत होती, ती हळूहळू थांबली. तो वाडगा भरलेलाच राहिला की थोडा उतरला, हे तिने बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून बघितलं नाही.

चहा न घेताच ती उठली. बाहेर पडायला समोरची खुर्ची सरकवावी लागली, तेव्हा तिचा हात रेक्झिनच्या बैठकीला लागला. बैठक ओली होती. ओलसर नव्हे, खोलगट भागात पाणी साचलं होतं, थंडगार.

बाहेर पाऊस नव्हता, बर्फही नव्हता. आधी कुणीतरी न पिळलेल्या फडक्याने पुसली असेल, असं मनाशी म्हणत तिने हात कोटाला पुसला.

४

पुढच्या शनिवारी ती थेट काचेच्या कपाटापाशी गेली. पलीकडे हमदी उस्ता, दाढीला जाळी लावलेला, मोठ्या पातेल्यांच्या वाफेत उभा होता.

“उस्ता, हमसी टाका. माझ्यासमोर टाका.”

“आता माझी परीक्षा घेणार का, वहिनी? चाळीस वर्षं मासे तळतोय.”

“तुमची नाही, इल्यासची.”

“मग घ्याच. तो नापासच व्हायचा.” हमदी उस्ता खो खो हसला, आणि त्याने शेपट्या एकमेकींत गुंतवून माशांचं गोल कडं तव्यात सोडलं. तेल चर्रर झालं. तो वास आला आणि नेझाहत क्षणभर धक्क्यावर होती, नऊ वर्षांची, बापाच्या टोपलीला हात लावून.

ती टेबलाशी येऊन बसली. समोरची खुर्ची कोरडी होती. आल्या आल्या तिने बघून घेतली होती. तळणाचा आवाज इथपर्यंत येत होता. ती तो एकेक थेंब ऐकावा तशी ऐकत होती. मासे उलटायची वेळ झाली असेल, असं तिला वाटलं.

चर्रर आवाज मधेच तुटला. कुणी तवाच उचलून बाजूला ठेवावा तसा.

थोड्या वेळाने इल्यास आला. आज त्याच्या तोंडात एकही विनोद नव्हता. दोन वाडगे, एक बशी. “उस्तांनी दिलं,” तो खाली बघत म्हणाला.

नेझाहत उठून कपाटापाशी गेली. तव्याशेजारच्या थाळीत मासे पडले होते, एका बाजूने सोनेरी, दुसऱ्या बाजूने कच्चे.

“उस्ता?”

“अहो, तुम्हीच निरोप पाठवला ना? आवाज आला. दोन सूप, एक कलेजी. मी वाफेत होतो, मान वर केली नाही.”

“कुणाचा आवाज?”

हमदी उस्ता फडक्याला हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसतच होता.

“पुरुषाचा. आधी खोकला. मग आवाज.”

“कसला खोकला?”

“खाणीतला,” तो म्हणाला, आणि लगेच घाईने, “अर्ध्या गल्लीला तो खोकला आहे, वहिनी. माझ्या बापाला होता. त्या टोपीवाल्याला आहे, तो बघा बसलाय.”

हे खरंच होतं. टोपीवाला खोकत होता. पण तो खोकला कोरडा होता, आणि तो बसला होता पार दाराशी. नेझाहतची नजर कपाटाच्या वरच्या भागातल्या काचेकडे गेली. तिथली सगळी काच वाफेने पांढरी झाली होती. फक्त एका ठिकाणी, तिच्या डोक्याच्या वीतभर वर, तळहाताएवढी जागा पुसलेली होती, आणि तिथून पाण्याचे ओघळ खाली चालले होते. पलीकडचं बघायला उंच माणूस पुसेल तसं.

ती टेबलावर परत गेली आणि तिने सूप संपवलं. व्हिनेगर थोडं जास्त घातलं.

५

“जाऊ नकोस तिथे,” शाझिये म्हणाली. दोघी नेझाहतच्या स्वयंपाकघरात रवा भाजत होत्या. परवा चाळिसावं, हलवा सगळ्या इमारतीत वाटायचा होता.

“नाही गेले तर घरी येईल.”

शाझियेचा उलथनं फिरवणारा हात थांबला. रवा करपायला लागला तेव्हा पुन्हा चालू झाला.

“चाळीस दिवस होऊ देत,” ती म्हणाली. “मग सुटतात.”

“आणि नाही सुटला तर?”

“तर काय? तूच बोलावलंस. आता तूच वाढ.” मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, “खरं सांग मला. माझा भाऊ होता म्हणून तोंडदेखलं सांगू नकोस. तुला तो परत यायला हवा होता का?”

या प्रश्नाची नेझाहतकडे दोन उत्तरं होती. गेला महिनाभर ती पलंगावर आडवी-तिडवी झोपत होती, खिडकी उघडी टाकून, आणि मीठ स्वतःच्या चवीने घालत होती. सकाळी जाग आली की छातीवरचं ओझं कुणीतरी उचललंय असं वाटायचं. आणि घालायचा राहिलेला तो एक मोजा तिच्या उशीखाली होता. रोज रात्री ती त्याच्यात हात घालून झोपायची. यातलं दुःख कुठलं आणि दुसरं काय, हे तिला वेगळं करता येत नव्हतं.

“मला एकदा फक्त हमसी खायची आहे, वन्सं,” ती म्हणाली. “माझी मी मागवून. बस, एवढंच.”

शाझियेने तिच्याकडे बघितलं आणि एकदम हसत सुटली. “एकतीस वर्षं वजडी खाल्लीस, नेझाहत? माझ्या भावाच्या धाकाने? अगं, आम्ही घरात वजडी शिजवायला लागलो की आईच नाक दाबून अंगणात पळायची!” मग नेझाहतही हसली. हसता हसता दोघींचे डोळे वाहायला लागले, आणि धुराचं निमित्त झालं.

६

चाळिसावं पार पडलं. कुराण वाचून झालं, हलवा वाटून झाला. गावाहून मुलीच्या चुलतसासऱ्याने फोन करून सांगितलं की कबरीवरची माती छान बसली आहे.

शनिवारी ऊन पडलं होतं. खानावळीचं दार उघडं ठेवलेलं. नेझाहतने समोरच्या खुर्चीवर तळहात टेकून बघितला. कोरडी, उन्हाने कोमट झालेली.

“एक हमसी,” ती म्हणाली.

इल्यासने वही काढलीच नाही. तो पाठ न वळवता, तिच्याकडे बघत बघत उलटा चालत कपाटापर्यंत गेला आणि ओरडला, “उस्ता, एक हमसी! वहिनींना! मी शुद्धीवर आहे!” दोन-तीन टेबलांवरचे लोक हसले.

हमसी आली.

गरम, कुरकुरीत, वर लिंबाची फोड आणि कच्चा कांदा. एकच ताट. समोरची जागा रिकामी. तिने पहिला मासा शेपटीला धरून उचलला आणि दार, काच, कपाट, सगळीकडे एकदा बघून घेतलं. काही झालं नाही. तिने तो खाल्ला. मग दुसरा. मग तिने बघणं सोडून दिलं. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत, चार लोकांत, बोटं चाटत, तिने अख्खं ताट संपवलं.

“पास ना मी?” इल्यासने चहा ठेवला. एकच पेला.

“पहिल्या वर्गात.”

चहा लालभडक होता. ती घोटाघोटाने पीत राहिली. बाहेर ट्राम गेली, ऊन फुटपाथवरून सरकलं. पेला निम्म्यावर आला तेव्हा तिच्या मनात आलं, आपण दुसरा चहाही घेऊ शकतो. इथे तिने दुसरा चहा कधीच घेतला नव्हता. संध्याकाळपर्यंत बसलो तरी कोण विचारणार? हा विचार तिला हमसीपेक्षाही मोठा वाटला. इल्यासला खूण करायला तिने मान वळवली. तो दाराशी कुणाशीतरी बोलत होता. तिने हात वर केला.

मागे कुणीतरी खोकलं. अर्ध्या गल्लीला आहे तो खोकला.

तिने मान सरळ केली.

मघाशी बशीत ठेवलेला चमचा आता पेल्यावर होता. आडवा. अगदी मधोमध, जसा ठेवायचा तसा. दांड्यावरून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि उरलेल्या चहात पडला.

मीच ठेवला असेन, तिने स्वतःला सांगितलं. बोलता बोलता, सवयीने. मग तिला आठवलं की ही तिची सवय नव्हती. तिने आपला चमचा कधीच ठेवला नव्हता.

इल्यासने दारातूनच तो चमचा बघितला आणि बाटली घेऊन आला.

“दुसरा चहा...” नेझाहत म्हणाली. आवाज तिच्याच कानापर्यंत जेमतेम पोचला.

“ओंजळ करा, वहिनी.” इल्यासचं निम्मं लक्ष दाराकडे होतं, पाच जणांचं कुटुंब आत येऊन उभं होतं. कोलन तिच्या तळहातांवर पडलं, गार, लिंबाच्या वासाचं. “या, बसा, बसा, ते मोठं टेबल घ्या!” तो त्यांना म्हणाला, आणि मान तशीच वळलेली ठेवून त्याचा हात सवयीने पलीकडे गेला. त्याने भिंतीकडच्या खुर्चीसमोर बाटली कलती केली.

धार पडताना नेझाहतने बघितली. टेबलाच्या वीतभर वरपर्यंत ती दिसत होती.

टेबल कोरडं राहिलं.

इल्यासने झाकण लावलं आणि त्या कुटुंबाकडे गेला. त्याला काही कळलं नाही. समोरून लिंबाचा वास दाट होऊन आला. मग खानावळीच्या सगळ्या गलक्यात, अगदी जवळ, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, फळीवर कानस फिरल्यासारखा आवाज झाला. दोनदा. तीनदा. थांबला.

 हात ओले होते, ते तिने पुसले नाहीत. निम्म्या पेल्यातला चहा गार होत होता.

भिंतीकडची खुर्ची फरशीवर करकरत मागे सरली.

तेव्हा तीही उठली. कोट घातला, रुमालाची गाठ घट्ट केली.

“इतक्यात निघालात?” इल्यासने लांबून विचारलं. “बसा की, ऊन छान आहे!”

“पुढच्या शनिवारी येऊ,” ती म्हणाली.

उघड्या दारातून ती थोडी थांबून बाहेर पडली, कुणाला आधी जाऊ द्यावं तशी. मग ट्रामचे रूळ ओलांडून घराकडे चालू लागली. फुटपाथची उजवीकडची जागा मोकळी ठेवून, अर्धं पाऊल मागे.